आंबील : वावरातून नैवेद्याच्या पानात

विदर्भात ज्येष्ठागौरींना महालक्ष्म्या म्हणतात. त्यांच्या नैवेद्यात पुरणपोळी आणि सोळा भाज्यांच्या जोडीला ज्वारीची आंबील लागतेच. यवतमाळकडच्या कित्येक घरांत आता वर्षातून तेवढी एकदाच आंबील शिजते. एकेकाळी मात्र ती डवरणीला, निंदणाला जाणाऱ्या माणसाची न्याहारी होती.

ज्वारी मूळची आफ्रिकेतली. काही हजार वर्षांपूर्वी ती इकडे आली आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला मानवली. 1905 पर्यंत आपला यवतमाळ जिल्हा वणीच्या नावाने ओळखला जायचा. तेव्हाही वावरात दोनच पिकं मोठी. कापूस पैशासाठी, ज्वारी पोटासाठी. दाणे माणसाला, कडबा बैलाला. सालदाराचं साल ठरायचं त्यातही ज्वारी असायची.

आंबील त्या ज्वारीचीच. माझी आजी रात्री ज्वारीचं जाडसर पीठ ताकात कालवून मातीच्या मडक्यात ठेवायची आणि वर फडकं बांधायची. ताकातले जिवाणू रात्रभर काम करत. सकाळी फडकं सोडलं की वर बारीक बुडबुडे आणि नाकात शिरणारा आंबूस वास. मग गंजात पाण्याला आधण आलं की ते पीठ ओतायचं आणि गुठळी होऊ नये म्हणून चाटू थांबू द्यायचा नाही. मीठ, जिरं, वाटलेली मिरची. नैवेद्याच्या आंबिलीत खोबऱ्याचे कापही पडतात. मला ती थंड झालेलीच आवडायची, वर धरलेल्या सायीसकट, सोबत कांदा. वैशाखात पारा 45 वर गेला तरी ती प्यायल्यावर दुपार निभून जायची. आंबवल्याने ज्वारीतली प्रथिनं पचायला सोपी होतात, लोहही अंगी जास्त लागतं.

रशियात असंच आंबवलेलं पेय राय नावाच्या धान्याचं झालं. थंड, हलक्या जमिनीतलं ते पीक. त्याच्या काळ्या पावापासून क्वास आंबवतात. कीव्हच्या जुन्या बखरीत 996 सालच्या नोंदीत क्वास येतो. त्यात यीस्टमुळे किंचित मद्यार्क असतो. आपली आंबील एका रात्रीची आणि पुन्हा शिजवलेली, म्हणून ती लेकरालाही चालते.

मग ती गेली कुठे? 1964 मध्ये सीएसएच-1 हे देशातलं पहिलं संकरित ज्वारीचं वाण आलं. उतारा वाढला, पण लवकर निसवणारी कणसं परतीच्या पावसात सापडून काळी पडू लागली. काळ्या दाण्याला ना भाव, ना चव. पुढे सोयाबीन आलं. ट्रॅक्टर आल्यावर बैल कमी झाले, तसा कडबाही नकोसा झाला. उरलेल्या ज्वारीवर रानडुकरं आणि पाखरं. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने गहू 2 रुपये आणि तांदूळ 3 रुपये किलोने मिळू लागला, तेव्हा राखण करून ज्वारी पिकवायची कोणी? आंबील लोकांनी टाकली नाही. तिचं पीक गेलं, म्हणून ती गेली.

2023 हे भरडधान्य वर्ष म्हणून जगभर साजरं झालं आणि ज्वारीची बिस्किटं दुकानात आली. ती खुशाल खावीत. पण ज्यांचं वावर आहे त्यांनी यंदा धुऱ्यालगत चार तासं ज्वारीची जरूर पेरावीत, आणि आंबिलीसाठी भाद्रपदाची वाट पाहू नये.