माक्स एर्न्स्ट यांचा ‘चुलीचा देवदूत’ : प्रतीक आणि कालक्रम

माक्स एर्न्स्ट (१८९१–१९७६) ह्या जर्मन अतिवास्तववादी चित्रकाराचे ‘लांज द्यु फ्वाये’, अर्थात ‘चुलीचा देवदूत’, हे तैलचित्र १९३७ सालचे. सपाट, निर्जन भूमीवर एक प्रचंड प्राणी हातपाय फेकीत झेपावला आहे. मुख पक्ष्यासारखे, परंतु जबडा दातांचा. अंगावर रंगीबेरंगी चिंध्या. आणि एका बाजूस बिलगलेला दुसरा लहान प्राणी.

हा प्राणी म्हणजे फॅसिझमचे प्रतीक, असा अर्थ सामान्यतः लावला जातो. स्पेनमधील प्रजासत्ताकवाद्यांच्या पराभवानंतर हे चित्र काढल्याचे एर्न्स्ट यांनीच पुढे सांगितले होते. तथापि कालक्रम पाहता हे विधान जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. १९३७ च्या एप्रिलमध्ये गेर्निकावर बाँबवर्षाव झाला व जूनमध्ये बिल्बाओ पडले, हे खरे. परंतु माद्रिद पडले ते १९३९ च्या मार्चमध्ये. चित्रकाराच्या स्मृतीने पुढील पराभव मागील चित्राशी जोडला असावा. म्हणून ह्या चित्रात पराभवाचा शोक शोधण्यापेक्षा अनिर्णित काळातील भय शोधणे अधिक युक्त होय.

ह्या भयाचे स्वरूप तुलनेने स्पष्ट होते. त्याच वर्षीच्या पिकासो यांच्या ‘गेर्निका’मध्ये बळी दिसतात, आक्रमक दिसत नाही. एर्न्स्ट यांच्या चित्रात आक्रमक दिसतो, बळी मात्र एकही नाही. क्षितिज अगदी खाली असल्यामुळे प्राणी अवघे आकाश व्यापतो. त्याची झेप नृत्यासारखी व रंग उत्सवाचे आहेत. विध्वंसकाला होणारा हा आनंदच प्रेक्षकाला अस्वस्थ करतो.

शीर्षकातील उपरोध येथेच उलगडतो. ‘फ्वाये’ ह्या शब्दात, मराठीतील ‘चूल’ ह्या शब्दाप्रमाणेच, विस्तव आणि घरसंसार असे दोन्ही अर्थ आहेत. घराचा रक्षक म्हणविणाराच येथे घरे तुडविण्यास निघाला आहे. ‘अतिवास्तववादाचा विजय’ हे चित्राचे दुसरे नाव तर स्वपक्षाच्या हतबलतेवरच बोट ठेवते.

१९३९ मध्ये फ्रान्सने एर्न्स्ट यांना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून स्थानबद्ध केले. १९४१ मध्ये ते अमेरिकेस गेले. ह्या घटनांमुळे चित्राला भविष्यवाणी ठरविण्याचा मोह होतो. परंतु पुढे काय घडले हे ठाऊक नसताना काढलेले चित्र म्हणून पाहिले, तरच त्यातील भयाचे खरे मोल कळते.