आपली ईर

आजीला देवाचा चेहरा सांगता यायचा नाही. फरशी मात्र ती अशी सांगायची की ऐकणाऱ्याच्या तळपायाला गारवा लागावा. बाहेर पाऊस, रस्त्यातला चिखल पायांना थापलेला, आणि आत पाऊल पडलं तेव्हा पायाखाली आलेला थंड, गुळगुळीत दगड. "माये पाय गाऱ्यानं भरले होते. मले वाटे, आता कोनीतरी खेकसन," ती म्हणायची. मग थोडं थांबून, "कोनी खेकसलं नाई."

गोष्ट १९२८च्या जुलैतली. गाव वर्धा. देऊळ लक्ष्मीनारायणाचं, शेठ बच्छराज बजाजांनी बांधलेलं आणि त्यांचे नातू जमनालाल यांच्या हाती आलेलं. आजी तेव्हा बारा वर्षांची होती. तिचे वडील, म्हणजे माझे पणजोबा, एका जिनात कापसाच्या गाठी उचलायचे. त्या दिवशी ते धुतलेलं धोतर नेसून घरी उभे राहिले आणि लेकीला म्हणाले, चल. कुठं, हे तिनं विचारलं नाही. वाटेत गर्दी वाढत गेली, पुढे विनोबा होते, आणि ज्या दारासमोरून जाताना आजवर आई तिचा हात ओढून तिला रस्त्याच्या पलीकडच्या कडेला घ्यायची, त्याच दारातून ती आत गेली.

आज हे वाचणाऱ्या तरुणांना यात काय मोठं, असं वाटेल. म्हणून ते दिवस कसे होते ते सांगते. आदल्याच वर्षी, १९२७च्या मार्चात, बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं होतं आणि त्या ओंजळीपायी माणसांची डोकी फुटली होती. पुढे १९३० साली नाशकात काळारामाच्या दाराशी सत्याग्रह सुरू झाला. तो वर्षानुवर्षं चालला, तरी दार उघडलं नाही. या दोन सालांच्या मधे विदर्भातल्या एका कापसाच्या गावात एका व्यापाऱ्यानं विश्वस्तांची मनं वळवून आपल्या घराण्याचं देऊळ सगळ्यांना खुलं केलं. लाठी चालली नाही.

शेठजी आजीच्या गोष्टीत कुठे उभे होते? मी लहानपणी हे हटकून विचारायची. तिला ते ठाऊक नव्हतं. "असतीन कुठं तरी. इतक्या मानसाईत कोन पाह्यते!" मला त्या उत्तरानं चुटपुट लागायची. गोष्टीच्या नायकानं दारात हात जोडून उभं असावं, असं मला वाटे.

नायकाची हकिगत मग मी मोठेपणी वाचून जुळवली. जमनालाल मूळचे राजस्थानातल्या सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यातले. जन्म ४ नोव्हेंबर १८८९चा. बच्छराजांच्या घरात वारस नव्हता, म्हणून हा मुलगा लहानपणी वर्ध्याला दत्तक आला. वर्धा तेव्हा नवंच गाव होतं. पालकवाडी नावाच्या वस्तीच्या जागी १८६६च्या सुमारास इंग्रजांनी आखून वसवलेलं. रेल्वे आली आणि पाठोपाठ कापसाचा व्यापार आला. जिन उभे राहिले, दिवाळीनंतर कापसाच्या बंड्यांनी रस्ते भरू लागले. या बाजारात बच्छराजांची पेढी मोठी.

सतरा वर्षांचा असताना जमनालालचं आजोबांशी वाजलं. निमित्त होतं एका लग्नाला दागिने घालून जाण्याचं. म्हातारा संतापानं पैशावरून बोलला. मुलानं कागद घेतला आणि कायद्याच्या भाषेत लिहून टाकलं की तुमच्या संपत्तीवर माझा काही हक्क नाही, अंगावरच्या कपड्यांनिशी निघतो. पुढे समजूत पडली, तो परत आला, आजोबांमागे सगळी मालमत्ताही त्याच्याकडेच आली. पण लिहून दिलेला शब्द त्यानं फाडून टाकला नाही. आपण या पैशाचे मालक नाही, राखणदार आहोत, असं धरून तो पुढची पस्तीस वर्षं वागला. गांधींची विश्वस्तपणाची कल्पना कानावर पडायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट, आणि मला ती त्या सगळ्या आयुष्याची किल्ली वाटते.

त्याच सुमाराची आणखी एक आठवण आहे. टिळकांच्या केसरीची हिंदी आवृत्ती नागपुराहून काढायची होती. पोराला घरून रोज एक रुपया खर्चायला मिळे. त्यातून साठवलेले शंभर रुपये त्यानं दिले. पुढे त्यानं लाखांनी देणग्या दिल्या. १९२० साली नागपूर काँग्रेसच्या स्वागत समितीचा अध्यक्ष झाला, वकिली सोडणाऱ्यांच्या संसारासाठी एक लाख काढून ठेवले. पण त्या शंभर रुपयांचा आनंद पुन्हा मिळाला नाही, असं तो सांगत असे.

देणग्यांचं आजीला काही नव्हतं. तिचं माप वेगळं होतं. शेठजींनी देवळाबरोबर आपल्या विहिरीही खुल्या केल्या होत्या, आणि आजीच्या हिशेबी देवळापेक्षा विहीर मोठी. देवळात माणूस सणावारी जातो, पाणी रोज लागतं. उन्हाळ्यात वर्ध्याचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. अशा उन्हात दुसऱ्यानं वरून ओतलेल्या पाण्यासाठी रिकामा हंडा घेऊन तासभर उभं राहणं काय असतं, ते तिनं भोगलं होतं. ती म्हणायची, "दुसऱ्याच्या ईरीवर भाषन तं कोनीबी देते. त्यानं आपली ईर उघडली."

हे वाक्य माझ्या मनातून कधी गेलं नाही. जमनालालांच्या सेवेचं वेगळेपण पुस्तकांनी मला इतकं नेमकं सांगितलेलं नाही. त्यांनी जे जे केलं त्याची सुरुवात स्वतःच्या उंबऱ्यापासून केली. रायबहादूर ही पदवी होती, ती असहकाराच्या काळात परत केली. स्वतःच्या जातीचा रोष ओढवून घेतला. परदेशी कपड्यांची होळी केली ती आधी घरातल्या कपड्यांची. त्यात त्यांच्या पत्नी जानकीदेवींचा वाटा मोठा. या बाईंनी पडदा सोडला, दागिने उतरवले, पेढीवरच्या सुखवस्तू घराचा आश्रम होताना पाहिला आणि त्यात उभ्या राहिल्या. आजी त्यांच्याविषयी बोलताना आवाज खाली आणायची.

१९२३च्या नागपूरच्या झेंडा सत्याग्रहाची हकिगत पणजोबांकडून आलेली. जमनालालांना तुरुंगवास झाला, वर दंड. दंड भरायचा नाही असं ठरलेलं, म्हणून सरकारनं त्यांची मोटार जप्त करून लिलावाला काढली. इकडच्या बाजारात कुणी बोली लावेना. जिथे सरकीच्या पोत्यामागे दोन पैशांसाठी दिवसभर घासाघीस चालायची, तिथे गाडी समोर उभी आणि सगळे गप्प. शेवटी ती परमुलखात नेऊन विकावी लागली. पणजोबांना ही गोष्ट फार प्यारी होती. बाजाराची भाषा त्यांना कळत होती, आणि बाजारानं त्या दिवशी न बोलून काय म्हटलं तेही.

मग गांधी आले. जमनालालांनी त्यांना वर्ध्याला बोलवायचा ध्यास कैक वर्षं धरला होता. आधी १९२१च्या एप्रिलात विनोबा आले, आश्रम सुरू झाला. १९३४ साली ग्रामोद्योगांच्या कामासाठी शेठजींनी आपली संत्र्याची बाग आणि तिथलं घर दिलं, ती मगनवाडी. १९३६ साली गांधी सेगावला राहायला गेले, तेही जमनालालांच्याच मालगुजारीतलं खेडं. बापूंची टपाल शेगावला, गजानन महाराजांच्या गावी, जायला लागली, तेव्हा १९४० साली सेगावचं सेवाग्राम झालं. विनोबा १९३८ साली पवनारला धाम नदीकाठी ज्या बंगल्यात राहिले तोही जमनालालांचाच. बजाजवाडीत काँग्रेसच्या कार्यसमितीच्या बैठका भरत, आणि देशभरच्या पुढाऱ्यांची खाट, पाणी, तूप-पोळी शेठजींच्या घरची. देशाच्या इतिहासात हे वाक्यावाक्यानं येतं. पण आलेल्या प्रत्येक माणसासाठी टांगा कुणी पाठवला, अंघोळीचं पाणी कुणी तापवलं, याचा हिशेब ठेवणारा एक व्यापारी मागे उभा होता, हे मी विसरू शकत नाही.

आता जे सांगायचं ते जपून सांगते. १४ ऑक्टोबर १९५६ला आजी-आजोबा नागपूरला दीक्षाभूमीवर होते. त्यानंतर आमच्या घरात लक्ष्मीनारायण उरला नाही. माझे वडील ठामपणे म्हणत, देऊळ उघडलं म्हणजे उपकार केले काय? ज्याचा हक्क त्याला मिळाला, तोही उशिरा. मला त्यांचं म्हणणं पूर्ण पटतं. आणि आजीचंही पटतं. ती वडिलांशी वाद घालत नसे. बुद्धवंदना म्हणून झाली की कधीतरी तीच फरशीची गोष्ट सांगायची, तितक्याच आत्मीयतेनं. दार उघडणाऱ्याचा मान ठेवायचा आणि त्या दारातून आपल्या पायांनी बाहेरही पडायचं, हे दोन्ही तिला एकाच आयुष्यात जमलं. तिला त्यात कुठे अडखळायला झालं नाही.

जमनालाल ११ फेब्रुवारी १९४२ला अचानक गेले. वय अवघं बावन्न. शेवटच्या काळात गोसेवेला वाहून घेऊन वर्ध्याजवळच्या गोपुरीत झोपडी करून राहत होते. अग्नीही तिथेच दिला. आज त्या जागी गीताई मंदिर आहे. छप्पर नाही, गाभारा नाही, मूर्ती नाही. दगडी शिलांवर विनोबांच्या गीताईचे अठरा अध्याय कोरलेले, आणि त्या शिलांची मांडणी वरून पाहिली तर गाय आणि चरखा दिसतो. आत जायला दारच नाही, उघडायचा प्रश्न येत नाही.

आजी नव्वदीला टेकली होती तेव्हा डोळे दाखवून आम्ही ऑटोनं परत येत होतो. लक्ष्मीनारायणाच्या देवळासमोर तिनं ऑटो थांबवायला लावला. मला वाटलं, उतरेल. मी हात पुढे केला. ती तशीच बसून राहिली. नुकतंच औषध घातलेले डोळे बारीक करून ती तिकडे पाहत होती, पण तिला धड दिसत नसावं.

"दार उघडंच हाय ना?" तिनं विचारलं.

"हो आजी. लोक जाताहेत आत."

"मंग चाल," ती म्हणाली, आणि ऑटोवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला.