गाजर, गोळी आणि बाबांची सिगरेट

तर झालं असं, की गेल्या वर्षी ऑनसाईटहून परत येताना मी बाबांसाठी अँटिऑक्सिडंटच्या गोळ्यांची भलीमोठी बाटली आणली. बाबा कॉलेजपासून सिगरेट ओढतात. म्हटलं, ती सुटत नाही तर निदान हे तरी घ्या. दिवाळीत घरी गेलो तेव्हा आई नेहमीप्रमाणे सिगरेटवरून ओरडत होती आणि बाबा म्हणाले, "अगं, आता लेकाने आणलेली गोळी चालू आहे ना!" मी पण हसलो. मग सहज बाटलीचं लेबल वाचलं. बीटा-कॅरोटीन. नाव ओळखीचं वाटलं म्हणून वीकएंडला शोधत बसलो, आणि हसू पळालं.

गोष्ट गाजरापासून सुरू होते. १८३१ साली वाकेनरोडर या जर्मन शास्त्रज्ञाने गाजरातला केशरी रंग वेगळा काढला. त्याचं नाव पडलं कॅरोटीन. पालक-मेथीतही तो असतो, फक्त हिरव्या रंगाखाली झाकलेला. अर्थात झाड तो आपल्यासाठी बनवत नाही! कडक उन्हात पानात गरजेपेक्षा जास्त ऊर्जा पकडली गेली, की ऑक्सिजनचं एक तापट रूप तयार होतं आणि ते पेशीचीच नासधूस करतं. कॅरोटीन त्याला शांत करतं. बीटा-कॅरोटीनची ही करामत १९६८ साली फूट आणि डेनी या दोघांनी प्रयोगशाळेत दाखवली.

मग १९८१ साली रिचर्ड पीटो आणि सहकाऱ्यांचा 'नेचर'मध्ये एक लेख आला. भाज्या-फळं जास्त खाणाऱ्यांत कॅन्सर कमी दिसतो, तर ही बीटा-कॅरोटीनची किमया असेल का? लेखाचं शीर्षकच प्रश्नचिन्हाने संपत होतं. पण लोकांना प्रश्नचिन्ह कुठे दिसतं? मलाही दिसलं नसतं.

उत्तर शोधायला १९८५ मध्ये फिनलंडमध्ये मोठी चाचणी सुरू झाली. ५० ते ६९ वयाचे २९,१३३ पुरुष, सगळे सिगरेट ओढणारे. निम्म्यांना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन, निम्म्यांना नाही. पाच ते आठ वर्षं. १९९४ साली निकाल आला: गोळी न घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कॅन्सरचे ४०२ रुग्ण, घेणाऱ्यांत ४७४. म्हणजे १८ टक्के जास्त!

योगायोग असेल? तेव्हा अमेरिकेत तशीच दुसरी चाचणी चालू होती. सिगरेट ओढणारे, सोडलेले आणि अ‍ॅस्बेस्टॉसमध्ये काम केलेले मिळून १८,३१४ लोक, गोळीत बीटा-कॅरोटीनबरोबर अ जीवनसत्त्व. तिथे फुप्फुसाचा कॅन्सर २८ टक्के जास्त आणि मृत्यू १७ टक्के जास्त निघाले. जानेवारी १९९६ मध्ये गोळ्या ठरलेल्या वेळेच्या २१ महिने आधीच बंद केल्या.

असं का व्हावं? एक धागा १९८४ सालीच मिळाला होता. बर्टन आणि इंगोल्ड यांनी 'सायन्स'मध्ये दाखवलं होतं, की ऑक्सिजन कमी असेल तिथे बीटा-कॅरोटीन रक्षण करतं. पण ऑक्सिजन भरपूर आणि मात्राही मोठी असेल तर तेच उलटतं, ऑक्सिडेशन वाढवतं. आता शरीरात सगळ्यात जास्त ऑक्सिजन कुठे? फुप्फुसात. त्यात सिगरेटचा धूर. नेमकं काय घडतं यावर अजून संशोधन चालू आहे, पण रखवालदारच चोरांना सामील होतो असं काहीतरी दिसतं.

आणि खरी गंमत पुढे आहे. त्याच फिनलंडच्या चाचणीत, सुरुवातीला ज्यांच्या रक्तात जेवणातून आलेलं बीटा-कॅरोटीन जास्त होतं, त्यांच्यात कॅन्सर कमीच निघाला! म्हणजे १९८१ चं निरीक्षण खोटं नव्हतं. पण भाजी खाणारा माणूस भाजीतल्या बाकीच्या शेकडो गोष्टीही खातो, आणि बहुतेकदा सिगरेटही कमी ओढतो. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांची नेहमीची चूक: सर्व्हर नीट चालू असताना लॉगमध्ये एक ओळ दिसते, म्हणून कोणी ती ओळच छापायला लागला तर सर्व्हर सुधारेल का?

पुढे २०१३ मध्ये डोळ्यांच्या गोळ्यांच्या एका मोठ्या अमेरिकन चाचणीत, सिगरेट *सोडलेल्यांमध्येही* बीटा-कॅरोटीनने फुप्फुसाचा कॅन्सर जास्त दिसला. २०२२ मध्ये तिथल्या तज्ज्ञ समितीने कॅन्सर टाळण्यासाठी ते घेऊ नका, असा सल्ला दिला. बाटली मात्र दुकानात मिळतेच, आणि माझ्यासारखे सुशिक्षित लोक प्रेमाने घेऊन येतात.

मी बाबांना फोन केला. सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे गोळी बंद करू, की सिगरेट?"

"दोन्ही, बाबा."

गोळी त्याच दिवशी बंद झाली. सिगरेटचं अजून चालू आहे; आता दिवसाला तीन म्हणतात, आई पाच म्हणते. पण निदान "गोळी चालू आहे ना" ही पळवाट मी दिली होती, ती मी काढून घेतली.

असो. खूप झालं. गाजराची कोशिंबीर करायची आहे.