दुबळ्यांची तटबंदी

दुबळ्याने बलाढ्याशी कसे लढावे, हा प्रश्न इतिहासात वारंवार येतो. आणि त्याच्या पाठोपाठ दुसराही एक प्रश्न येतो. लढाईची रीत ज्यांनी घालून दिली त्यांच्याच रीतीने हरावे, की रीत मोडून जिंकण्याचा यत्न करावा? हा दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. त्याचा विचार आम्ही येथे रणांगणाच्या नव्हे, तर क्रीडांगणाच्या इतिहासावरून करणार आहोत. आणि ते क्रीडांगण आहे आयर्लंडचे.

आयर्लंड आपल्याला अगदीच परके नाही. १९१६ साली लोकमान्य टिळकांनी व ॲनी बेझंटबाईंनी ज्या चळवळी उभारल्या, त्यांचे ‘होमरूल’ हे नाव त्याच देशातून आले. तेथील राष्ट्रीय जागृतीने खेळालाही हात घातला होता. १८८४ च्या नोव्हेंबरात थर्ल्स या गावी मायकेल क्यूसॅक प्रभृतींनी गेलिक क्रीडासंघटना स्थापन केली. इंग्रजी खेळांच्या लाटेत स्वदेशी खेळ बुडू नयेत, हा तिचा हेतू. ‘परकीय’ खेळ खेळणाऱ्यास तिची दारे बंद असत. हा निर्बंध १९७१ साली उठला. डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर १९२० च्या नोव्हेंबरात ब्रिटिश सरकारच्या सशस्त्र दलाने सामना चालू असताना गोळीबार केला. त्यात व त्या वेळच्या चेंगराचेंगरीत चौदा माणसे दगावली. त्यांत मायकेल होगन हा खेळाडूही होता. अशा मैदानावरील सामना तेथील लोकांना नुसती करमणूक वाटत नाही, हे यावरून ध्यानी येईल.

गेलिक फुटबॉलमध्ये प्रत्येक बाजूस पंधरा खेळाडू असतात. चेंडू पायाने मारता येतो, तसाच हातातही घेता येतो. आडव्या दांडीखालून तो जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. दांडीवरून दोन उभ्या खांबांमधून गेला तर एक गुण. खेळाडू आपापल्या परगण्याकडून खेळतात आणि त्यांना त्याचे वेतन नसते. शिक्षक, सुतार, शेतकरी असे लोक दिवसाचे काम आटोपून सरावाला जातात. ज्याचा जन्म ज्या परगण्यातला, त्याचा संघही बहुधा तोच. मोठ्या परगण्याला मोठा साठा आणि लहानाला लहान, ही विषमता त्यामुळे खेळाच्या मुळाशीच आहे.

२०११ च्या शिरगणतीत डब्लिनची लोकसंख्या सुमारे १२ लाख ७३ हजार होती, तर वायव्य टोकाला असलेल्या डोनेगॉलची सुमारे १ लाख ६१ हजार. १९९२ साली डोनेगॉलने अंतिम सामन्यात डब्लिनलाच हरवून अखिल आयर्लंडचे पहिले विजेतेपद मिळविले. पण त्यानंतर अठरा वर्षे त्याला आपल्या अल्स्टर प्रांताचे विजेतेपदही लाभले नाही. १९९२ च्या त्या चमूत असलेला जिम मॅक्गिनेस हा तरुण २०१० साली संघाचा व्यवस्थापक झाला. क्रीडामानसशास्त्राचा अभ्यास केलेल्या या माणसाने प्रतिपक्षाचे बळ मोजले, आपले बळ मोजले, आणि जे उघड्या मैदानात साधणार नाही ते दाटीत साधावयाचे ठरविले.

युक्ती अगदी नवी नव्हती. २००३ साली टायरोन या परगण्याने बलाढ्य केरीला उपांत्य सामन्यात १३ विरुद्ध ६ असे रोखले आणि पुढे आपले पहिलेच अखिल आयर्लंड विजेतेपद पटकावले. चेंडू घेतलेल्या केरीच्या प्रत्येक खेळाडूभोवती तीन-चारजण कडे करीत. केरीचा एकेकाळचा नामांकित खेळाडू पॅट स्पिलन याने त्या खेळाला ओकारी आणणारा फुटबॉल म्हटले.

मॅक्गिनेसने ही युक्ती शिस्तीच्या टोकाला नेली. २८ ऑगस्ट २०११ रोजी क्रोक पार्कवर डोनेगॉल व डब्लिन उपांत्य सामन्यात भेटले, तेव्हा डोनेगॉलचे जवळजवळ सारे खेळाडू आपल्याच अर्ध्या मैदानात उभे होते; पुढे बहुधा एकटा कोल्म मॅक्फॅडन. घोंगडी पांघरावी तसा गोलाचा परिसर माणसांनी झाकलेला. मध्यंतराला डोनेगॉल ४ विरुद्ध २ असे पुढे होते. पण अखेरीस डब्लिनने ८ विरुद्ध ६ असा सामना काढला. सत्तर मिनिटांत दोहोंचे मिळून चौदाच गुण! टीकेचा भडिमार झाला. खेळाची हत्या झाली असेही म्हटले गेले.

या टीकेत तथ्य किती? हुतूतूत एकट्या चढाईवाल्याला सातजण साखळी धरून घेरतात, त्यांना आपण भित्रे म्हणत नाही. डोनेगॉलने नियम मोडला नव्हता. मोडली होती ती प्रेक्षकांची अपेक्षा. आणि सुंदर खेळाची अपेक्षा बहुधा दुबळ्याच्या खर्चाने पुरी होत असते. मोकळ्या मैदानात तो मोकळेपणाने हरला की सारे त्याला शाबासकी देऊन घरी पाठवितात. डोनेगॉलने ती शाबासकी नाकारली, यात आम्हांस दोष दिसत नाही.

दोष होता तो निराळा. तटबंदी पुरी होती, पण तटाबाहेर पडण्याची वाट नव्हती. उत्तरार्धात त्यांना दोनच गुण मिळाले. ज्या किल्ल्यातून शिबंदी कधी बाहेर पडून छापा घालीत नाही, तो किल्ला लढला तरी आज ना उद्या पडावयाचाच.

मॅक्गिनेसने हे ओळखले. २०१२ साली तट तोच राहिला. परंतु चेंडू हाती येताच पाच-सहाजण वाऱ्यासारखे पुढे धावू लागले. अंतिम सामन्यात मायकेल मर्फीने तिसऱ्याच मिनिटाला गोल केला आणि मेयोवर मात करून डोनेगॉलने वीस वर्षांनी चषक घरी नेला.

खरी कसोटी ३१ ऑगस्ट २०१४ रोजी झाली. जिम गॅव्हिनच्या हाताखालील डब्लिन तेव्हा विजेते होते आणि त्यांना कोणी हरवील असे फारच थोड्यांना वाटत होते. त्यांनी लांबूनच गुण टिपावयास प्रारंभ केला आणि पूर्वार्धात पाच गुणांची आघाडी घेतली. तट निरुपयोगी ठरला असे क्षणभर वाटले. पण चढाईच्या भरात डब्लिनची पिछाडी उघडी पडली होती. रायन मॅक्ह्यूने दोन व मॅक्फॅडनने एक असे गोल त्या उघड्या दारातून झाले. डोनेगॉलचे २३, डब्लिनचे १७.

मात्र कथा येथे संपत नाही. अंतिम सामन्यात केरीने डोनेगॉलला हरविले. इकडे डब्लिनने पराभवाचा अभ्यास केला. गॅव्हिनने पिछाडीस एक मोकळा राखणदार ठेवला आणि दाटीपुढे धीर धरून चेंडू फिरवीत राहण्याची सवय संघाला लावली. २०१७ साली टायरोनने पुन्हा घोंगडी पांघरली, तेव्हा डब्लिनने २३ विरुद्ध ११ अशी ती फाडली. २०१५ ते २०२० अशी सलग सहा विजेतेपदे त्याने मिळविली. २०१४ नंतरचा त्याचा अजिंक्यपद स्पर्धेतील पहिला पराभव २०२१ साली, मेयोकडून झाला. दुबळ्याची युक्ती बलाढ्याला शिकविते, आणि शिकलेला बलाढ्य पूर्वीपेक्षा भारी पडतो, हा इतिहासाचा कटू भाग होय.

दरम्यान ही दाटी सर्वत्र पसरली आणि खेळ कंटाळवाणा झाल्याची तक्रार वाढली. तेव्हा नियमसुधारणेसाठी जी समिती नेमली, तिचे अध्यक्षपद त्याच जिम गॅव्हिनकडे आले! २०२५ पासून प्रत्येक संघाने किमान तीन खेळाडू सदैव प्रतिपक्षाच्या अर्ध्यात ठेवावेत असा नियम झाला, आणि लांबून मारलेल्या चेंडूला दोन गुण मिळू लागले. हा मोठ्यांनी धाकट्यांवर उगविलेला सूड, असे कोणी म्हणेल. तसे आम्हांस वाटत नाही. खेळ पाहण्यासारखा राहिला पाहिजे, हा प्रेक्षकांचाही न्याय्य हक्क आहे. आणि त्याच वर्षी, पुन्हा व्यवस्थापक झालेल्या मॅक्गिनेसचे डोनेगॉल नव्या नियमांनी खेळून अंतिम सामन्यापर्यंत पोचले. तेथे केरीने त्यांना नमविले, हे खरे. पण नियम बदलल्याने ते संपले नाहीत. त्यांचे बळ दाटीत नव्हते, दाटीमागच्या विचारात होते.

तात्पर्य, तटाआड उभे राहणे हा दुबळ्याचा अधिकार आहे; त्याबद्दल त्याने लाजण्याचे कारण नाही. परंतु तट हे विसाव्याचे स्थान नव्हे. त्याआड उभे असतानाच बाहेर पडण्याची वेळ व वाट जो हेरून ठेवतो, त्याचेच रक्षण सार्थकी लागते. आणि एकदा ती वाट साऱ्यांना ठाऊक झाली, की दुसरी शोधण्याचे कष्टही त्यालाच करावे लागतात.