आबा, आपण कोणत्या बाजूला होतो?

गेल्या नाताळच्या सुट्टीत चार दिवस लेकीकडे भोपाळला राहण्याचा योग आला. मुलताईहून गाडी सुटली, की बैतूल, इटारसी, मग नर्मदेचा पूल आणि विंध्याचा घाट. ओबैदुल्लागंजच्या सुमारास मी सवयीने खिडकीशी सरकतो. १९५७ साली याच परिसरातून गाडीने जाताना विष्णु श्रीधर वाकणकरांना दूरवरचे खडक दिसले आणि त्या शोधातून भीमबेटकाची चित्रे जगापुढे आली. वाकणकर नीमचला जन्मलेले, उज्जैनचे कार्यकर्ते. घरी मराठी आणि दारी माळव्याची बोली. आपल्यासारख्या दुभाषी मुलखातल्या माणसांना त्यांचे नाव घेताना थोडी जवळीक वाटते, ती यामुळेच. २००३ साली भीमबेटकाला जागतिक वारशाचा मान मिळाला. तो पाहायला ते नव्हते. १९८८ साली ते गेले.

नात तिसरीत आहे. तिने आधीच जाहीर केले होते, "आबा, इस बार म्यूझियम!" मी म्हटले, "मराठीत सांगशील तर नेईन." ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "आबा, ह्या वेळी म्यूझियम पाहिजे." एवढ्यावर आमचा तह झाला.

मुलांसाठी म्हणून वेगळे संग्रहालय असावे, ही कल्पना तशी जुनी नाही. अमेरिकेत ब्रुकलिन येथे १८९९ साली निघालेले बालसंग्रहालय जगातले पहिले मानतात. मुलांनी वस्तू हाताळून शिकावे, हा त्यामागचा विचार. आपल्याकडे पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, वाद्ये, दरवाजे असे जमवून जे संग्रहालय उभे केले आणि १९७५ साली शासनाच्या हाती दिले, त्याला त्यांनी आपल्या बालपणीच गेलेल्या मुलाचे, राजाचे नाव दिले. एका बापाने गमावलेल्या एका मुलाच्या नावाने पुढच्या हजारो मुलांना घर मिळाले. भोपाळच्या श्यामला टेकडीवरचे इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालय नावाने बालसंग्रहालय नाही. पण मुलांना मोकळे सोडावे असे ठिकाण याहून चांगले मी पाहिलेले नाही. १९७७ साली दिल्लीत सुरू झालेली ही संस्था पुढे भोपाळला आली आणि तिला तलावाकाठची सुमारे दोनशे एकर टेकडी मिळाली. तिथे काचेच्या कपाटात झोपडीची प्रतिकृती ठेवलेली नाही. त्या त्या भागातल्या लोकांनी येऊन आपल्या हातांनी बांधलेली खरी घरे उघड्यावर उभी आहेत. कुठे भिल्लांचे घर, कुठे संथाळांचे, कुठे तोडांची अर्धगोल झोपडी. आणि त्याच आवारात, माणसाने घर बांधायला शिकण्याआधीचे, चित्रे असलेले खडकाश्रयही आहेत.

वारल्यांच्या घरापाशी मी मुद्दाम थांबलो. "हे आपल्या महाराष्ट्रातलं, ठाण्या-पालघरकडचं." ती वाकून आत शिरली. कुडाच्या भिंती, सारवलेली जमीन, अंधार. पुढे एका घराच्या ओसरीवर दगडी जाते होते. "आबा, ये चक्की है ना?"

"हो. पण आपण त्याला जातं म्हणतो."

"जाता? कहाँ जाता है?"

मला हसू आवरेना. "कुठे जात नाही गं! जागेवरच फिरतं, म्हणून तर दळण होतं."

तिला ती गंमत इतकी आवडली की पुढे दिसेल त्या वस्तूला ती मराठी नाव विचारू लागली. उखळ, मुसळ, कणगी, कोनाडा. कणगी तिला माहीत नव्हती. तिच्या आईलाही नसावी. मी मात्र लहानपणी कणगीआड लपलेलो. तीन पिढ्यांत एक शब्द कसा गळून पडतो, हे मला त्या ओसरीवर उमगले.

दुपारी तलाव दिसेल अशा जागी बसून आम्ही दशम्या सोडल्या. मी मास्तर, गप्प बसणे जमत नाही. समोर भोपाळ पसरलेले. मी सांगू लागलो, "इथे बाजीरावांनी मोठी लढाई जिंकली." १७३७ च्या डिसेंबरात निजाम भोपाळच्या आश्रयाला आला. बाजीरावांनी त्याला कोंडले, रसद तोडली. दक्षिणेतून नासिरजंगाची कुमक येऊ नये म्हणून चिमाजीअप्पा तापीकाठी उभे होते. "तापी म्हणजे आपल्या मुलताईची बरं का!" अखेर जानेवारी १७३८ मध्ये दोराह्याला तह झाला, माळवा आणि नर्मदा ते चंबळ हा मुलूख मराठ्यांना द्यायचे निजामाने कबूल केले, वर पन्नास लाखांच्या खर्चाचे वचन. तीस वर्षे वर्गात रंगवून सांगितलेला हा धडा मी तिलाही तसाच रंगवून सांगितला.

तिने दशमीचा तुकडा हातात तसाच धरून विचारले, "मग भोपाळवाले हरले?"

"त्या वेळी निजाम हरला."

"और भोपाळ? आबा, आपण कोणत्या बाजूला होतो?"

ती भोपाळला जन्मलेली. तिच्या मैत्रिणी भोपाळच्या, शाळा भोपाळची, तलाव तिचा. तिच्या तोंडच्या 'आपण'मध्ये हे सगळे येत होते. माझ्या 'आपण'मध्ये फक्त पुण्याची फौज होती.

मग मी तिला वर्गात कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. १८१२-१३ साली शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांनी मिळून भोपाळला वेढा घातला. महिनेच्या महिने शहर उपाशी राहिले. पण वजीर मुहंमद खानाने ते राखले. फौजा परत गेल्या. याच वजीर मुहंमदाची सून कुदसिया बेगम १८१९ मध्ये गादीची कारभारीण झाली आणि तिथपासून १९२६ पर्यंत, मधली थोडी वर्षे सोडता, भोपाळचा कारभार बायकांनी चालवला. "चार बेगमा, एकीमागून एक!" हे ऐकताच तिचा चेहरा खुलला. बाजीरावांवर खुलला नव्हता इतका.

"मग आपण इथे कधी आलो?" हा पुढचा प्रश्न.

त्याचे उत्तर तलवारीत नव्हते, कागदात होते. १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली. विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ झाली. तेव्हा भोपाळ साधा जिल्हाही नव्हता, सीहोर जिल्ह्यात होता. स्वतःचा जिल्हा त्याला १९७२ मध्ये मिळाला. नागपूरच्या सचिवालयातली कितीतरी मराठी कुटुंबे फायलींबरोबर इकडे आली. माझ्या लेकीचे आजेसासरे त्यांतलेच एक कारकून. एक ट्रंक, एक वळकटी आणि देवांची परडी, एवढे घेऊन ते उतरले. आणि आम्ही मुलताईकर? आम्ही जागचे हललोही नाही. वरूड त्या राज्यात गेले, आम्ही या राज्यात राहिलो.

तिला यातले किती कळले कोण जाणे. ती म्हणाली, "म्हणजे ते आले, आणि तुम्ही जातं!"

"म्हणजे गं?"

"तुम्ही कुठे गेलाच नाही ना."

सीमेवरच्या आपल्या घरांत इतिहास बहुधा तक्रारीच्या सुरात सांगितला जातो. कोणते गाव कुठे जायला हवे होते, कोणी अन्याय केला. त्या तक्रारी खोट्या नाहीत. पण नातवंडांपुढे केवळ तेवढेच ठेवले, तर ज्या मातीत ती वाढत आहेत तिच्याशी ती परकी होतात. आणि काहीच ठेवले नाही, तर कणगीसारखी आपली भाषाही गळून जाते. दोन्ही टाळायचे, तर दोन्ही बाजूंचा इतिहास आपल्याच भाषेत सांगावा लागेल. तिचे भोपाळ तिला मराठीत मिळाले, तर मराठी तिच्यासाठी आजोळची न राहता घरची होईल.

शाळा उघडल्यावर नववीच्या वर्गात १७३७ शिकवला. त्यानंतर पुस्तक मिटून १८१२-१३ चा वेढाही सांगितला. मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, ये परीक्षा में आएगा?" मी म्हटले, "नाही येणार. तरी ऐक."