अस्सल कोणाजवळ?

नीरेहून बारामतीस जाणाऱ्या रस्त्यावर वडगाव निंबाळकर हे गाव आहे. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याने हा मुलूख उसाचा झाला. परंतु गावाच्या नावास चिकटलेले निंबाळकर हे आडनाव कालव्याहून पुष्कळ जुन्या, वतने व सनदा यांच्या काळातील आहे. गेल्या पावसाळ्यात तेथील एका स्नेह्यांच्या घरी जाण्याचा योग आला. त्यांनी माळ्यावरून तांबड्या फडक्यातील एक रुमाल उतरविला व गाठ सोडली. आत मोडी कागद होते. कडा कसरीने खाल्लेल्या, पण शाई काळीभोर. "वडिलांनी हे सारे मला वाचून दाखविले होते," ते म्हणाले. "त्यांचा आवाज मी फोनमध्ये भरून ठेवला होता. तो तेवढा गेला."

वडील वारले, पुढे फोन जुना झाला म्हणून तो दुकानात देऊन नवा घेतला. छायाचित्रे, दूरध्वनीचे क्रमांक, निरोप, सारे आपोआप नव्या फोनात आले. आवाज आला नाही. ज्या अॅपने तो भरला, त्याने तो स्वतःच्या खासगी कप्प्यात ठेवला होता. त्या कप्प्यात मालकास शिरता येत नव्हते, आणि बॅकअपमध्ये त्याची गणना झालेली नव्हती. बॅकअप पूर्ण झाल्याचे फोन नित्य सांगत असे, आणि यांचा त्यावर विश्वास होता. पिढ्यान्‌पिढ्यांचा कागद हाती होता, आणि तीन वर्षांमागचा आवाज नाहीसा झाला होता.

आपले दप्तर आपण सांभाळावे, की सोयीसाठी एखाद्या थोर रक्षकाच्या हवाली करावे, हा प्रश्न फोनाबरोबर जन्मास आलेला नाही. महाराष्ट्राने तो एकदा पुरता अनुभवलेला आहे.

1818 साली पेशवाई बुडाली आणि पेशव्यांचे दप्तर इंग्रजांच्या हाती गेले. जमिनींची व इनामांची चौकशी करावयाची तर हे कागद सरकारास हवेच होते. पुढे 1852 च्या 11 व्या कायद्याने इनामांच्या चौकशीस जोर चढला, तेव्हा ज्याच्यापाशी सनद त्याची जमीन, असा प्रकार झाला. कागद म्हणजे केवळ आठवण नव्हे, तो घरच्या भाकरीचा आधार होता, हे त्या पिढीस निराळे शिकवावे लागले नाही. सरकारने पुण्यास हे दप्तर नीट राखले, याबद्दल त्याचे ऋण मानलेच पाहिजे; खासगी वाड्यांत ते विखुरते तर त्यातील किती उरते, कोण जाणे! परंतु राखणे निराळे व उघडणे निराळे. दप्तराची किल्ली ज्याच्या हाती, तोच कोणी काय पाहावे हे ठरवू लागला. रावबहादुर गणेश चिमणाजी वाड यांच्यासारख्या एखाद्यास वेचे काढण्याची मुभा मिळाली. सामान्य अभ्यासकास मात्र दार बंद राहिले. रियासतकार सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे 45 खंड निघू लागले ते 1930 पासून. म्हणजे ज्यांच्या पूर्वजांनी ती पत्रे लिहिली, त्यांना ती वाचावयास मिळण्यास शंभरांहून अधिक वर्षे लागली.

मग घरचे दप्तर बरे, असे म्हणावे काय? तीही कथा उजळ नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांनी 1898 साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' याचा पहिला खंड काढला आणि त्यानंतर उभा जन्म गावोगाव दप्तरे धुंडाळण्यात घालविला. त्यांना काय आढळले? कोठे वाळवी, कोठे गळके छप्पर, कोठे रद्दीचे गिऱ्हाईक, तर कोठे कागद दाखविला तर वतन जाईल या भयाने घट्ट आवळलेली गाठ. मालकाची सत्ता पूर्ण होती. पण निगा नव्हती आणि दुसरी प्रत नव्हती. 1910 साली राजवाडे व मेहेंदळे यांनी पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिले, ते याच दुखण्यावर उपाय म्हणून. शिवकालाच्या कालनिर्णयास जिने नवे वळण दिले ती जेधे शकावली कारीच्या जेध्यांकडे होती. ती लोकमान्य टिळकांपर्यंत पोहोचली आणि 1916 साली प्रसिद्ध झाली. घरात राहिली म्हणून ती वाचली, आणि घराबाहेर तिची प्रत गेली म्हणून ती जगास कळली.

या दोन टोकांमधील वाट आपल्या जुन्या कारकुनांस ठाऊक होती. मराठेशाहीतील पुष्कळ सनदांच्या व आज्ञापत्रांच्या शेवटी अंमलदारास एक ताकीद असते. तिचा भावार्थ असा, की या पत्राची तालीक, म्हणजे नक्कल, लिहून घेऊन तुम्ही आपल्या दप्तरी ठेवावी व अस्सल पत्र भोगवट्यासाठी धन्याजवळ परत द्यावे. नक्कल सरकारात, अस्सल घरात. घर जळाले तर दप्तरी नक्कल आहे. दप्तरातील कारकून फिरला तर घरी अस्सल आहे. त्या एका ओळीत सोय आणि सत्ता या दोहोंचा निवाडा झालेला आहे.

आजच्या फोनाने हा निवाडा नकळत उलटा केला आहे. 1 जून 2021 पर्यंत गूगल फोटोज ठरावीक प्रतीची छायाचित्रे अमर्याद व फुकट ठेवून घेत असे. त्या दिवसापासून नवी छायाचित्रे खात्याच्या 15 जीबी मर्यादेत मोजली जाऊ लागली. फोनवरील जागा वाचविण्याची सोय पत्करली, की मूळ चित्र क्लाउडात राहते व हाती उरते ती लहानशी प्रतिमा, किंवा तीही नाही. अस्सल तिकडे, नक्कल इकडे! दोन वर्षे वापर न झालेले खाते मिटविण्याचा अधिकारही गूगलने 2023 पासून आपल्याकडे ठेविला आहे. आयफोन 2007 साली निघाला, परंतु फाइल्स पाहण्याचे स्वतंत्र अॅप त्यात आले ते 2017 साली. अँड्रॉइडचे दार पूर्वी मोकळे होते. 2019 व 2020 च्या आवृत्त्यांनी तेथेही एका अॅपचा कप्पा दुसऱ्यास, आणि बहुतांशी मालकासही, बंद केला.

हे निव्वळ कपट नव्हे. दार मोकळे असता कोणतेही क्षुद्र अॅप घरभर हिंडून चोरी करू शके. कुलूप घालण्यास सबळ कारण होते. शिवाय आपोआप होणारी प्रत नसती, तर विहिरीत पडलेल्या फोनाबरोबर अनेक घरांतील मुलांचे बालपणच बुडाले असते. शंभर माणसांत स्वतः प्रत काढणारी पाच निघणार नाहीत, हे राजवाड्यांच्या अनुभवावरूनही दिसतेच. तक्रार कुलुपाची नाही, धन्याजवळ किल्ली नसण्याची आहे. रक्षकाने नक्कल अवश्य ठेवावी. पण अस्सल धन्यास परत मिळालेच पाहिजे, आणि कोणती वस्तू राखली व कोणती राखली नाही, याची यादीही त्यास दिसली पाहिजे. तोवर धन्याने आपल्यापुरते इतके तरी करावे: जे खरोखर मोलाचे आहे ते फोनबाहेर एका साध्या डिस्कवर उतरून घ्यावे, दुसरी प्रत वेगळ्या गावी आप्तांकडे ठेवावी, आणि वर्षातून एकदा, दसऱ्यास जशी शस्त्रे पुसतात तशी, ती उघडून पाहावी.

माझे स्नेही आता मोडी शिकत आहेत. वडिलांचा आवाज परत येणार नाही, हे ते जाणतात. पण त्यांनी ज्या क्रमाने कागद वाचले तो क्रम यांच्या ध्यानात आहे. एकेक बंद लावून ते स्वतः वाचतात, मुलगी ते ध्वनिमुद्रित करते आणि त्याच दिवशी त्याची एक प्रत पुण्यास आत्याकडे जाते. मी निघताना त्यांनी रुमालाची गाठ पुन्हा बांधली व तो माळ्यावर ठेविला. छायाचित्रे अभ्यासकांस देण्यास त्यांची हरकत नाही. कागद मात्र ते घरीच ठेवणार आहेत.