गाविलगडावरची मोठी मशीद : दिल्ली दरवाजावरूनच मागे फिरू नका

चिखलदरा : चिखलदऱ्याला आलेले बहुतेक जण पॉइंट पाहतात, गरम कणीस खातात अन् परततात. गाविलगडावर गेलेच तर दिल्ली दरवाजाजवळ फोटो काढून माघारी. आत उंचवट्यावरची दगडी मशीद राहूनच जाते.

गड मुळात गवळ्यांचा, मातीचा. नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात. अहमदशाह बहमनीने १४२५ च्या सुमारास तो दगडात बांधून घेतला. १४८८ मध्ये फतहुल्ला इमाद-उल-मुल्कने डागडुजी केली. पुढे यानेच वऱ्हाडची इमादशाही उभी केली. राजधानी एलिचपूर, म्हणजे आपलं अचलपूर. इतिहासकार फरिश्ता लिहितो, की हा फतहुल्ला जन्माने विजयनगरकडचा ब्राह्मण. दिल्ली दरवाजावर दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी कोरलाय, तो पाहताना हे आठवा.

आता मशीद. दर्शनी बाजूला सात कमानी, आत तीन रांगा. सात त्रिक एकवीस चौक, अन् प्रत्येक चौकावर एक घुमट, अशी मूळ रचना. टोकाला चौकोनी छत्री आहे, तिची दगडी जाळी जवळ जाऊनच पाहा. मक्केकडची भिंत पश्चिमेला, म्हणून कमानी पूर्वेकडे उघडतात. सकाळी गेलात तर ऊन थेट आत येतं.

यातले काही घुमट पडलेत. घुमटाचं वजन कमानीवर, कमानीचं खांबावर उतरतं, अन् शेजारशेजारच्या कमानी एकमेकींना रेटून धरतात. एक ढासळली की शेजारचीचा आधार गेला. त्यात दगडांच्या सांध्यात पिंपळ रुजला, की मूळ चुना फोडत जातं. म्हणून सुटलेल्या दगडांवर चढू नका.

१५ डिसेंबर १८०३ ला वेलस्ली अन् स्टीव्हन्सनच्या इंग्रज फौजेने नागपूरकर भोसल्यांचा हा गड घेतला. किल्लेदार बेनीसिंह लढता लढता पडला. दोनच दिवसांत देवगावचा तह झाला. १८५८ मध्ये तात्या टोपेंना आसरा मिळू नये म्हणून इंग्रजांनी तटबंदी पाडली.

गड केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहे. भिंतीवर नाव कोरणं हा गुन्हा. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, कधी दोन्ही. अन् हा मेळघाटचा वाघाचा मुलूख. दिवस मावळायच्या आत बाहेर पडा.